रस्ता क्रमांक सतराचा हयातीचा दाखला

धामणवेल नगरपरिषदेच्या हद्दीतल्या प्रत्येक रस्त्याला दर नोव्हेंबरात खिडकी क्रमांक चारसमोर समक्ष येऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. निवृत्तिवेतनवाल्यांना जो नियम तोच रस्त्यांना, त्यात वावगं काही नाही. मागे एकदा एक रस्ता वाहून गेल्यावरही नऊ वर्षं त्याची दुरुस्ती चालू होती, तेव्हापासून ही पद्धत पडली.

रस्त्याने पायीच यायचं असतं. वाहनाने आला तर प्रवासभत्ता मागेल, म्हणून तशी मनाई आहे. शिवाय रस्ते बोलत नाहीत, तेव्हा बोलायला एक सोबती नेमलेला असतो. तो बहुधा त्या रस्त्यावरचा झाडूवालाच असतो. रस्ता कार्यालयात गेला की त्याच्या जागी दिवसभर नुसती काळी माती राहते आणि लोक चपला हातात घेऊन ये-जा करतात.

रस्ता क्रमांक सतरा म्हणजे जुनी पेठ ते सरकारी दवाखाना, लांबी अकराशे मीटर. त्याच्या सोबती कौसाबाई घुगे. सव्वीस वर्षं त्यांनी तो झाडला होता. कुठे डांबर उन्हात पाघळतं, कुठे पानपट्टीवाला पिचकाऱ्यांचं पाणी ओततो, हे त्यांना स्वतःच्या तळहातासारखं पाठ होतं. त्यांचे यजमान रंगनाथ याच रस्त्यावरून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ॲम्ब्युलन्सने डायलिसिसला जात. नियम असा, की ॲम्ब्युलन्स फक्त हयात रस्त्यावरून जाते. मयत रस्त्यावर सरकारी वाहन घालणं म्हणजे मृताची विटंबना, असं परिपत्रकात लिहिलेलं आहे.

सतराची तारीख ठरल्याप्रमाणे सतरा नोव्हेंबर होती. पण त्या दिवशी मंत्र्यांचा ताफा नेमका त्याच रस्त्याने जाणार होता, म्हणून रस्त्याची रजा नामंजूर झाली. पुढची तारीख मिळाली ती तीस, गुरुवार. शेवटचा दिवस, वेळ संध्याकाळी पाचपर्यंत. तोवर न आलेले रस्ते मयत धरायचे होते आणि दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता.

सकाळी नऊला कौसाबाईंनी रस्ता झाडून घेतला. बाहेर जायचं तर अंग धुऊन जावं, म्हणून चार बादल्या पाणीही मारलं. मग म्हणाल्या, "चल." रस्ता उठला आणि त्यांच्या मागोमाग निघाला.

कार्यालय होतं पाऊण किलोमीटरवर, पण जायचं स्टेशन रोडवरून. एका रस्त्याला दुसऱ्या रस्त्यावरून जाताना डाव्या बाजूने जावं लागतं, सतरा तसाच चालला होता. साडेदहाला ते मारुतीच्या देवळापाशी पोचले आणि तिथेच अडकले. पुढे उसाचे ट्रॅक्टर, दोन एसटी, एक वरातीची जीप, रिक्षांचा तर हिशेबच नको. मागेही तेच. साडेअकराला ते देवळापाशीच होते.

चौकात हवालदार तडवी हात दाखवत उभे होते. कौसाबाई त्यांच्याजवळ गेल्या.

"सायेब, ही गाडी-घोडी आज कशापायी एवढी?"

"सतरा नंबर बंद आहे," तडवी म्हणाले. "त्याची सगळी वाहनं इकडं वळवली."

"बंद का?"

"जागेवर नाही. कुठं गेलाय कुणास ठाऊक."

कौसाबाईंनी मागे बोट दाखवलं. "हा काय, माझ्यासंगं. तुमच्या कोंडीत अडकलाय."

तडवींनी सतराकडे पाहिलं. सतरा एका टेम्पोच्या मागे गुमान उभा होता. "मग त्याला म्हणा, लवकर परत जा. तो जागेवर गेला की कोंडी सुटेल."

"दाखला दिल्याबिगर कसा जाईल? उद्याला मयत होईल ना तो."

"आणि कोंडी सुटल्याशिवाय दाखल्याला कसा पोचेल?" तडवींनी हे काही टोमणा म्हणून विचारलं नाही. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. कौसाबाईंनाही हवं होतं. 

रस्त्याला तिथेच थांबायला सांगून कौसाबाई पायीच कार्यालयात गेल्या. माणूस कोंडीतून अंग चोरून निघतो, रस्त्याला ते जमत नाही. खिडकी चारला लिपिक उंबरकर होते. माणूस सज्जन, कधी कुणावर आवाज चढवला नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"कोंडीला जबाबदार कोण, ते आधी ठरवावं लागेल," ते म्हणाले.

"ते ठरवा सायेब, पण नंतर. तुम्हीच चला ना देवळापर्यंत. तिथं बघा त्याला."

"खिडकी सोडता येत नाही, कौसाबाई. समक्ष म्हणजे खिडकीच्या समक्ष." उंबरकरांनी एक कागद ओढला. "आता जबाबदारीचं बघू. वाहतूक शाखा म्हणते, रस्ता जागेवर नव्हता. बांधकाम विभाग म्हणतो, रस्ता आमच्या परवानगीने गेला नाही. म्हणजे राहिला कोण?"

"कोण?"

"सतराच." त्यांनी सुवाच्य अक्षरात कारणे दाखवा नोटीस लिहिली. आपण दिनांक तीस रोजी जागेवर नसल्याने शहरात वाहतूक कोंडी झाली, त्यात रस्ता क्रमांक सतरा हादेखील अडकून त्याची गैरसोय झाली, तरी याबाबत आपला खुलासा सात दिवसांत सादर करावा. कौसाबाईंनी रस्त्याच्या वतीने नोटिशीवर सही केली. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे त्यांना ठाऊक होतं. पण आज हाताशी साडेतीनच तास होते.

परत देवळाशी आल्या तेव्हा रस्ता वीतभर पुढे सरकला होता. कौसाबाईंना रडू येईल असं वाटलं. उद्या सकाळी आठला रंगनाथ अंगात स्वेटर घालून ओट्यावर बसतील आणि ॲम्ब्युलन्स येणार नाही. मंगळवारपर्यंत पायांना सूज चढेल. त्यापुढचा विचार त्यांनी केला नाही.

देवळामागे शाळेचं मोकळं मैदान होतं, त्याच्या पलीकडे बायपास. कौसाबाई मैदानाकडे बघत राहिल्या, मग रस्त्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, एवढं ऐक. इथं टेक जरा."

रस्त्याने ऐकलं. तो मैदानातून आडवा पसरला. एक टोक देवळाशी, दुसरं बायपासला. आधी एक रिक्षावाला वळला, मग ट्रॅक्टर, मग एसटी. पाऊण तासात स्टेशन रोड मोकळा झाला. तडवींनी वहीत लिहिलं, 'रस्ता क्रमांक सतरा, प्रतिनियुक्तीवर, वेळ दोन चाळीस ते तीन पंचवीस.' कुणी विचारलंच तर कागद असलेला बरा, असं त्यांचं म्हणणं होतं. विचारलं कुणीच नाही.

सव्वाचारला सतरा खिडकीसमोर उभा राहिला, म्हणजे आवारात मावेल तेवढा घड्या घालून. उंबरकरांनी चष्मा पुसला आणि रस्त्यांची नोंदवही काढली.

"नाव बरोबर. लांबी बरोबर. ओळखखूण..." त्यांनी बोट रकान्यावर ठेवलं. "पोस्टासमोर, उजव्या अंगाला, खड्डा. दीड फूट बाय सव्वा फूट, खोली नऊ इंच. दाखवा."

कौसाबाईंनी घडी उलगडून पोस्टासमोरचा भाग पुढे केला. तिथे काळं, गुळगुळीत डांबर होतं.

"खड्डा कुठाय?"

"बुजवला ना सायेब. मंत्री यायच्या आदल्या दिवशी."

उंबरकरांनी दुसरी फाइल काढली. "मंत्र्यांचा इथं उल्लेख नाही. इथं आहे, श्रीमती कौसाबाई घुगे यांच्या अकरा अर्जांच्या अनुषंगाने तातडीने कार्यवाही करण्यात आली. अर्ज तुमचेच?"

अर्ज त्यांचेच होते. चार वर्षांत अकरा. ॲम्ब्युलन्स त्या खड्ड्यात आदळली की रंगनाथ विव्हळत. खड्डा बुजल्यावर चार फेऱ्या झाल्या होत्या. त्यातल्या एका फेरीत रंगनाथ दवाखाना येईपर्यंत झोपले होते. तो दिवस कौसाबाईंनी घरी येऊन शेजारणीला दोनदा सांगितला होता.

"मग हा रस्ता सतरा आहे असं मी कशावरून म्हणू?" उंबरकरांनी विचारलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "खूण नसलेला रस्ता तोतया समजावा, असं परिपत्रक आहे."

"सव्वीस वर्षं झाडते मी याला. मी सांगते ना, हाच तो."

"तुम्ही सांगाल हो. तुम्हाला रकाना नाही."

भिंतीवरच्या घड्याळात चार पस्तीस झाले होते. कौसाबाईंनी पदर खोचला.

"सायेब, खूण असली म्हणजे झालं?"

"झालं."

"कधी पडली, कुणी पाडली?"

उंबरकरांनी वही पुन्हा पाहिली, मागचं पानही पाहिलं. "तसा रकाना नाही."

बांधकाम विभागातून कुदळ मिळवायला मागणीपत्र भरावं लागलं. कारण या रकान्यात कौसाबाईंनी 'ओळख पटवणे' असं लिहिलं. मग आवारात त्या सतराजवळ उकिडव्या बसल्या आणि आधी त्यावरून हात फिरवला. "लागंल थोडं," त्या म्हणाल्या. रस्ता हलला नाही.

पहिला घाव घालायला त्यांना वेळ लागला. दुसऱ्याला लागला नाही. नवं डांबर दोन बोटंच होतं, त्याखाली जुना खड्डा जसाच्या तसा निघाला, तळाशी कुणाचं तरी बक्कल तुटलेलं घड्याळही होतं. उंबरकर मोजपट्टी घेऊन खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले. त्यांनी दोन्ही पाय आतच ठेवले होते.

"लांबी दीड, रुंदी सव्वा. खोली... दहा इंच, कौसाबाई."

कौसाबाईंनी ओंजळभर खडी परत टाकली आणि तळव्याने दाबली.

"नऊ," उंबरकर म्हणाले. चार अठ्ठावन्नला त्यांनी शिक्का मारला. हयात. शाई थोडी फिकी उमटली म्हणून पुन्हा एकदा मारला. "नोटिशीचा खुलासा तेवढा विसरू नका," त्यांनी आठवण करून दिली.

रस्ता साडेपाचला आपल्या जागी जाऊन पडला. लोकांनी चपला पायांत घातल्या.

शुक्रवारी सकाळी आठला ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हरने हयात रस्त्यांची यादी पाहिली, सतरावर बोट टेकवलं आणि गाडी पेठेतून आत घातली. रंगनाथ डोळे मिटून पडले होते, कौसाबाई उशाशी बसल्या होत्या. शाळा गेली, पिठाची गिरणी गेली. गिरणी मागे पडताच कौसाबाईंनी एक हात त्यांच्या मानेखाली घातला आणि दुसरा कमरेखाली.

गाडी आदळली. रंगनाथ विव्हळले. जरा वेळाने श्वास जागेवर आला तसं त्यांनी विचारलं, "पोस्ट आलं का?"

"आलं."

"हा तर बुजवला होता ना गं?"

"बुजवला होता," कौसाबाई म्हणाल्या. "पण रस्ता हयात आहे."

रंगनाथांनी मान हलवली. दुपारी परत येताना पोस्टाच्या अलीकडे त्यांनी आपणहून स्ट्रेचरची दांडी धरली.