लव्हेंडर लावलेला कळप

एका जंगलात, मुलांनो, चितळांचा एक कळप राहत असे. दिसायला देखणा, पण स्वभावाने भित्रा. पान वाजलं की कान ताठ, माकड खोकलं की शेपट्या वर.

या कळपाची एक जुनी रीत होती. संध्याकाळी पाणवठ्यावर उतरण्याआधी सगळे टेकाडावर थांबत आणि वाऱ्याकडे नाक करून उभे राहत. याला ते 'वारा घेणं' म्हणत. वाऱ्यावर वाघाचा वास आला, की त्या दिवशी पाणी बंद. तहानलेले राहत, पण जिवंत राहत.

एकदा तिथे उदाजीराव नावाचे उदमांजर आले. शहरातल्या एका ब्यूटी पार्लरच्या माळ्यावर त्यांनी काही काळ मुक्काम केला होता. तेवढ्यावर ते स्वतःला सुगंधोपचारतज्ज्ञ म्हणवून घेत. गळ्यात छोट्या बाटल्यांची माळ होती.

"झोप लागते का?" त्यांनी कळपाचे म्होरके झुंबरराव यांना विचारलं.

"छे हो! एक डोळा उघडाच असतो."

"पचन?"

"खाल्लेलं पुन्हा चावावं लागतं."

"अरेरे! ताण आहे, ताण." उदाजीरावांनी बाटल्या मांडल्या. "मनःशांतीला लव्हेंडर. पोटाला पेपरमिंट. सर्दीला निलगिरी. आणि उत्साहाला हे गवती चहाचं तेल."

"गवती चहा? तो तर आम्ही येता-जाता खातो की!" चंदी म्हणाली. ही चंदी नुकतीच व्यालेली हरिणी.

"खाता म्हणूनच गुण येत नाही, ताई. तो हुंगायचा असतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चंदीनेही डोलावली, कारण एकटीनेच मान ताठ ठेवणं बरं दिसत नाही.

सकाळ-संध्याकाळ नाकपुडीखाली लव्हेंडरचे दोन थेंब सुरू झाले. गुण लगेच आला. संध्याकाळी वारा घ्यावा, तर नुसतं लव्हेंडर! मग रोज एकच वास येणार असेल, तर थांबायचं कशाला? झुंबररावांनी ती रीतच बंद केली.

चंदीची मात्र पंचाईत झाली. हरिणी पाडसाला गवतात लपवून चरायला जातात आणि वासावरून शोधतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिला आता गवतालाही लव्हेंडरचा वास येई आणि दगडालाही.

"माझं पाडस मला लवकर सापडत नाही हो," ती म्हणाली.

"मातृत्वाचा ताण," उदाजीराव म्हणाले. "तीन थेंब लावा."

उदाजीराव धंद्यात भेदभाव करत नसत. ते वाघाच्या गुहेतही जाऊन आले.

"महाराज, आपल्याला कसला ताण?"

"शिकार पळून जाते."

त्यांनी अख्खी बाटली वाघाच्या पाठीवर रिकामी केली. वाघाला खरंच बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी कळप पाण्यावर उतरला. चंदी मागेच राहिली होती. पाडस सापडत नव्हतं. तिने हाका मारल्या, गवत तुडवलं आणि शेवटी रडकुंडीला येऊन ओढ्याच्या गाळात नाक खुपसलं. घासलं, शिंकली, पुन्हा घासलं. तेल गेलं.

मग एकेक वास परत आला. ओल्या मातीचा. पिकल्या जांभळांचा. पाडसाच्या तोंडाच्या दुधाचा. आणि त्याच्या अगदी मागे, लव्हेंडरच्या खालून येणारा, वाघाचा.

चंदी जिवाच्या आकांताने ओरडली. पाडस उडी मारून तिच्याकडे धावलं. पाण्यावरचा कळप चौखूर उधळला. वाघाच्या तोंडी फक्त गवत आलं.

सकाळी सभा भरली.

"कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही," उदाजीराव म्हणाले. "तेलाचा गुण!"

टाळ्या थांबल्यावर झुंबरराव चंदीकडे वळले. तिच्या अंगावर गाळ वाळला होता.

"काय हा वास! आणि काल केवढ्यांदा ओरडलीस! सगळ्यांची शांती बिघडवलीस."

"अहो काका, वाघ होता!"

"असेल. सांगायची काही पद्धत असते की नाही?"

"माझं पाडस खाल्लं असतं हो त्याने!"

"हे बघ, तेल लाव, नाहीतर कळप सोड."

चंदीने पाडसाकडे पाहिलं आणि निघाली. याच कळपात ती जन्मली होती. टेकाडावरून तिने एकदा मागे वळून पाहिलं. निरोप द्यायला कुणी मान वर केली नाही. मला तिचं फार वाईट वाटतं, मुलांनो.

त्या संध्याकाळी पाण्यावर उतरताना झुंबरराव सगळ्यांत पुढे होते. या वेळी कुणीच ओरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली.

"गेले, पण चेहऱ्यावर समाधान काय होतं!" एक चितळ म्हणाला.

"घाबरत गेले असते, तर किती वाईट झालं असतं," दुसरा म्हणाला.

उदाजीरावांनी नम्रपणे मान खाली घातली. नव्या म्होरक्याने मोठी बाटली मागवली.

तात्पर्य: वाघ आला असं कुणी सांगितलं, तर घाई करू नये. आधी सांगणाऱ्याच्या अंगाला चिखलाचा वास येतो का, ते पाहावं. येत असेल, तर वाघ आलेला नाही.