दत्तूभाऊंची बिनपगारी फौज

दुपारी तीनला आमच्या आळीत लढाई सुरू होते. "चढ रं, चढ. मेलास तर मेलास, पन माघारी फिरू नको," अशी आरोळी उठली की नवखा माणूस जागीच थबकतो. मध्यंतरी प्लॉट विकायला आलेला एक एजंट तर मोटरसायकल वळवून निघूनच गेला. त्याचं तरी काय चुकलं? लुंगी नेसलेला, साठी उलटलेला माणूस ओट्यावर बसून, कानाला हेडफोन लावून कुणाला तरी मरायला पाठवतोय म्हटल्यावर प्लॉटचा विषय कोण काढणार?

हे आमचे शेजारी दत्तूभाऊ. भिवपुरीच्या वीजघरात पाळ्या करण्यात उमर गेली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं तर म्हणतात, "शिफ्टच जुळली नाय." निवृत्त झाले, हातात नवा फोन आला आणि त्यात त्यांना तो किल्ल्यांचा गेम सापडला. आपला किल्ला बांधायचा, टोळी जमवायची आणि दुसऱ्या टोळीचे किल्ले पाडायचे. यांच्या टोळीचं नाव 'बिनपगारी फौज'. दत्तूभाऊ तिचे म्होरके. सगळे त्यांना दादा म्हणतात आणि एकमेकांना गेममधल्या नावांनी हाका मारतात. खरी नावं कुणालाच ठाऊक नाहीत आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

फौजेत एकच कायदा कडक आहे. लढाईआधी दत्तूभाऊ एकेकाला विचारतात, "जेवलास का?" जो जेवला नसेल त्याला बाहेर बसवतात. रसायनीच्या कारखान्यात कामाला असलेला 'डेंजर बोका' नावाचा गडी आहे. त्याला त्यांनी एकदा भर लढाईतून डबा खायला हाकललं. किल्ला पडला. बाकीचे चिडले, तर दत्तूभाऊ म्हणाले, "किल्ला काय, परत बांधू. बोक्याला अल्सर हाय."

त्यांची चुलत भावजय, आक्का, समोरच राहते. तिला हे सगळं पोरकट वाटतं. "म्हातारपनी देवाचं नाव घ्यायचं सोडून हा बोक्या-मांजरांची नावं घेतो," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. लोक हसतात. हसोत. ज्यांना सख्ख्या भावाच्या जेवणाची चौकशी दिवाळीलाच सुचते, त्यांनी तरी हसू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. वर्षातून एकदा फौजेनं या पोपटीला हजर राहायचं, असा दादांचा हुकूम. गेल्या माघात मंडळी आली. रोज एकमेकांसाठी जीव टाकणारी ती माणसं चटईवर अशी गप्प बसली, जणू मुलगी बघायला आली आहेत. कुणी पाणी मागेना, कुणी मान वर करीना. शेवटी बोका उठला, पेंढ्याच्या गंजीआड गेला आणि त्यानं हेडफोन लावला. मग दुसरा गोठ्यात गेला, तिसरा विहिरीकडे. फोन सुरू झाले आणि चारी बाजूंनी हसण्याचा धबधबा कोसळला. चटईवर मी एकटीच उरले, सोबतीला जाळातलं मडकं.

फौजेतली 'वाघीण' माझ्या घराच्या पायरीवर येऊन बसली होती. साजगावच्या कारखान्यात काम करणारी, विशी-पंचविशीतली पोर. तिचा नवरा जाळाला पेंढा घालत होता. ती हेडफोनमध्ये हळूच म्हणाली, "दादा, आता थोडं दिस मी खेळनार नाय. मला दिवस गेलेत." पलीकडून बहुतेक कुणीतरी विचारलं असावं, मग बाळंतपणाला माहेरी जाणार का. तिचा चेहरा उतरला. "माझ्या मर्जीनं लगीन केलं ना, माझं माहेर बंद हाय," ती म्हणाली.

ओट्यावरून दत्तूभाऊंचा आवाज आला. मला तो हवेतून ऐकू आला आणि तिला कानातून. "पयलं बाळंतपन माहेरात व्हतं. बंद कसलं हाय? हितं यायचं. ठरलं."

ठरवायला काय जातं? एकट्या पुरुषाचं घर, एक खोली आणि स्वयंपाकघर. आक्कानं तर आळी डोक्यावर घेतली. "सोता लगीन नाय केलंस, आन बाळंतीन आनतोस घरात? कोन, कुठली, काय जात?" दत्तूभाऊ शांतपणे म्हणाले, "किल्ल्यात घेताना इचारलं नाय. घरात घेताना कशाला इचारू?"

सातव्या महिन्यात फौज ओटी घेऊन साजगावला गेली. ओटी भरायला सवाष्ण हवी म्हणून मला टेंपोत घातलं. हिरवी साडी होती, पाच फळं होती, शिवाय बोक्यानं फोनवर बघून स्वतः केलेले डिंकाचे लाडू होते. त्यातला एक मी टेंपोत खाऊन पाहिला, दात शाबूत आहेत हे नशीब.

वाघिणीच्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. "ह्यो तुजा दादा?" त्यांनी दत्तूभाऊंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझ्यापक्षा थोरला दिसतोय."

"आन ह्यो कोन?" त्यांनी बोक्याकडे बोट केलं.

"बोका," वाघीण म्हणाली.

"नाव काय, नाव?"

फौज एकमेकांकडे बघू लागली. शेवटी बोक्यानंच मान खाली घालून सांगितलं, "परशुराम." त्यावर त्याचे जिवलग साथीदार सासूबाईंपेक्षा जास्त चकित झाले. "आयला, परशुराम?" एकजण म्हणाला.

ओटी भरली, जेवणं झाली. निघताना सासूबाईंनी मुद्द्याला हात घातला. "मानसं बरी हाव तुमी. पन पोर बाळंतपनाला धाडायची तर घर पायजे. गेममधलं माहेर मला नको."

"घर हाय," दत्तूभाऊ म्हणाले. "कवाबी येऊन बगा."

दुसऱ्याच दिवशी दत्तूभाऊंनी चुना आणला. भिंती पांढऱ्या केल्या, खाट ठोकून घेतली, न्हाणीच्या निसरड्या फरशीवर खडबडीत लादी बसवली. साजगावचा निरोप येईना. आक्का आता टोमणेही मारीनाशी झाली, आणि ते त्यांना जास्त लागलं. मला त्या नव्या खाटेकडे बघवत नसे.

एके दिवशी बरोबर तीनच्या ठोक्याला सासूबाई एकट्याच येऊन अंगणात उभ्या राहिल्या. दत्तूभाऊंचे डोळे फोनमध्ये, कान हेडफोनमध्ये, लढाई ऐन रंगात. मी हाक मारणार, तर बाईंनी मला हातानंच थांबवलं.

"बोक्या, खोटं नको बोलू. आवाजावरनं कळतंय मला, पोट रिकामं हाय तुझं. डबा काढ आदी. भाकरी कुस्करून खा, तिखट लावू नको. आमी थांबतो. पडला किल्ला तर पडू दे."

सासूबाई उभ्या उभ्या ऐकत राहिल्या. मग आत गेल्या. खाट दाबून पाहिली, न्हाणीत पाय घासून पाहिला, तांदळाचा डबा उघडून पाहिला. बाहेर आल्या तेव्हा दत्तूभाऊ हेडफोन काढून, लुंगी सावरत उभे होते.

"हरलात?" बाईंनी विचारलं.

"हरलो."

"गडी जेवला का?"

"जेवतोय."

बाई ओट्यावर टेकल्या. "पोर भाजी खात नाय. लय हट्टी हाय."

"खाईल. न खाऊन जाते कुठं?"

"नवव्यात आनून सोडते," सासूबाई म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "बाय, चा टाक जरा."

वाघीण आली तेव्हा मी भाकरतुकडा घेऊन दारात उभी होते. दत्तूभाऊंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. भाकरी त्यांनीच थापलेली होती, एका बाजूनं करपलेली. त्यांनी तिच्यावरून ओवाळून तुकडा टाकला, पायांवर पाणी घातलं. निम्मं पाणी माझ्याच पायांवर आलं. आक्का समोरच्या दारातून बघत होती. थोड्या वेळानं तिनं मुकाट्यानं तुपाची बरणी आणून ठेवली.

चार-पाच दिवसांनी मी अंगण झाडत होते. दत्तूभाऊ भाजी घेऊन बाजारातून आले. त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी ढकलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. इकडेतिकडे पाहिलं. मग दाराची कडी वाजवली, आणि पिशवी छातीशी धरून वाट बघत राहिले. उभा जन्म हा माणूस स्वतःचं कुलूप स्वतःच काढून घरात शिरला होता. माझा झाडू थांबला.

मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "काय बगता वयनी? सोताच्या दाराची कडी वाजवायला कुनाची परवानगी लागती का?"

"नाही लागत," मी म्हटलं. "खुशाल वाजवा."

त्यांनी पुन्हा वाजवली. आतून वाघीण ओरडली, "दादा, दार उघडंच हाय. ढकला की."

दत्तूभाऊ ढकलेनात.

"तू उघड," ते म्हणाले. "सावकाश ये, घाई नाय. मी हाय हितं उभा."