बटाट्याचं शून्य पूर्णांक तीन

जीवशास्त्रात शुद्ध पाण्याची क्षमता शून्य धरतात. त्यात काहीही मिसळलं की ती शून्याच्याही खाली जाते. (हे विज्ञान आहे, टोमणा नाही.)

स्टाफरूममधला चहा गोड होता.

जर्नलवर सही नसेल तर बारावीच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही.

शकुला थोरली बहीण नव्हती.

या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं बोरीवलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजचं १९८५पर्यंत ठाम मत होतं.

या कॉलेजात जीवशास्त्राचा सातवा प्रयोग मोठ्या शिस्तीनं होई. साखरेच्या चढत्या गोडीच्या द्रावणांच्या सहा बाटल्या, सहा नळ्या, प्रत्येकीत बटाट्याची एक पट्टी. फिक्या पाण्यात पट्टी पाणी पिऊन जड होते, गोड पाण्यात पाणी सोडून हलकी होते. जिथं वजन हलत नाही, त्या द्रावणाची तीव्रता हे उत्तर. उत्तर ०.३. नऊ वर्षांत सहाशे बारा विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केला आणि सहाशे बाराही वेळा ०.३च आलं. (परदेशात आकडे मागंपुढं होतात. तिकडच्या बटाट्यांना वळण नाही.)

हे यश परंपरेचं होतं. थोरल्याचं जर्नल धाकट्याकडे, धाकट्याचं शेजारच्या बिल्डिंगमध्ये. काही जर्नलांनी हा प्रयोग पाच-पाच वेळा केला होता. बटाटे मात्र संध्याकाळी कोरडेच्या कोरडे लॅब अटेंडंट दत्ताराम यांच्या पिशवीतून घरी जात आणि तिथं त्यांची भाजी होई.

शकु दहिसरहून येई. तिच्या बापाच्या, भीमराजच्या, घरात अकरावीचं तोंड पाहिलेली ती पहिलीच. जर्नल देणारं कुणी नसल्यामुळे बिचारीवर प्रयोग करण्याची पाळी आली.

सहाही पट्ट्या फुगल्या, आणि सारख्याच फुगल्या. शकुनं पुन्हा वजन केलं, मग सर्वांत गोड म्हणून ठेवलेल्या बाटलीत बोट बुडवून चाखलं. नळाचं पाणी. साखर दर महिन्याला रीतसर येत होती, रीतसर विरघळतही होती, फक्त स्टाफरूममध्ये.

तिनं दत्तारामना विचारलं. ते दुखावले. बाटल्यांवरची अक्षरं त्यांची होती आणि फार सुबक होती.

"लेबलार लिवलेला आसा मां?" ते म्हणाले. "मगे साखर आसा."

शकुनं जे दिसलं ते लिहिलं. जीवशास्त्राच्या वनमाला मॅडमनी जर्नल सही न करता परत केलं.

"शकु, तुझा बटाटा चुकलाय."

"मॅडम, बटाटा कसा चुकेल?"

"बाकी एकोणऐंशी बटाट्यांना कळलं, तुझ्यालाच कसं गं कळलं नाही?"

प्रॅक्टिकलला आठ दिवस उरले होते. सही नाही तर प्रॅक्टिकल नाही, प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर भीमराज तिला पुन्हा बसवणार नव्हता. मग शकुनं घरून डबाभर साखर आणली, सहा द्रावणं स्वतः केली, पट्ट्या तासभर बुडवल्या. या वेळी काही फुगल्या, काही आकसल्या, आलेख तिरपा उतरला. उत्तर ०.२४.

मॅडमनी ते पान बराच वेळ पाहिलं. एवढा सुंदर आलेख त्यांनी आधी पाहिला नव्हता.

"आधी थोडं चुकलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "आता पुराव्यानिशी चुकलंय. लिही ना ०.३. तुझं काय जातं, पोरी?"

शकुनं काय जातं याचा हिशोब मनात केला. मग ०.३ लिहिलं. खाडाखोड चालत नसल्यामुळे पान नव्यानं लिहावं लागलं. सही मिळाली. प्रॅक्टिकल झालं. परीक्षकांनी 'अचूक' असा शेरा दिला आणि दुसरा चहा घेतला. पुढच्या वर्षी तिच्या जर्नलला तिघींनी नंबर लावला. अक्षर चांगलं होतं.

या कॉलेजाच्या अकरा माजी विद्यार्थ्यांनी पुढं अंधेरी ते दहिसर पट्ट्यात रक्त-लघवी तपासण्याच्या लॅब काढल्या. तुमचा रिपोर्ट दर वेळी नॉर्मल येतो ना? अभिनंदन. तुम्हाला वळण आहे.

१९७६ साली, पहिल्या बॅचमध्ये, ०.३ हा आकडा जयवंत नावाच्या मुलानं शेजारच्या टेबलावर बघून लिहिला. शेजारच्या टेबलावर रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल चालू होतं.