हरणी तारण, अंडी व्याज

"मॅडम, कर्जरोखे समजायला मुंबईतच जन्माला यावं लागतं असं काही नाही! मी आमच्या मिरजगावात रोखे बाजार उभा करून दाखवते!"

एम. कॉम.च्या भर वर्गात ज्ञानेश्वरीनं हे ठणकावून सांगितलं, तेव्हा नगरच्या त्या कॉलेजातला पंखासुद्धा क्षणभर थबकला म्हणतात. यामिनी मॅडमनी तिचा रोखे बाजारावरचा प्रकल्प 'इंटरनेटवरून उतरवलाय, प्रत्यक्ष उदाहरण आणा' म्हणून परत केला होता. खरं तर तो मैत्रिणीच्या वहीवरून उतरवला होता. पण खोट्या आरोपाचा राग यायचा तो येतोच!

गावी पोचताच तिनं चुलतीला, मुक्ताबाईला, गाठलं. मुक्ताबाईला गोठ्यावर पत्रे टाकायचे होते आणि हातात दमडी नव्हती. ज्ञानेश्वरीनं वहीची पानं फाडून झोकात रोखे तयार केले. जो आज पैसे देईल, त्याला दिवाळीत मुद्दल परत. तोवर दर रविवारी व्याज म्हणून अंडी. आणि तारण? मुक्ताबाईची लाडकी शेळी, हरणी! एक जरी रविवार चुकला तरी हरणी रोखेवाल्याची, असंही तिनं खाली ठळक अक्षरात लिहिलं.

"अगं, हे कशापायी?" मुक्ताबाई कळवळली. "लेकरावानी हाय ती माझी!"

"काकू, तारणाबिगर रोख्याला वजन येत न्हाई! आन् तुझ्या कोंबड्या काय संपावर जानार हायेत व्हय?"

रोखे हातोहात खपले. गोठ्यावर पत्रे चढले. बाजारात अंडी महागली तशी रोख्यांनाही मागणी आली. कांदेवाल्या बन्सीनं आपला रोखा नफ्यात विकून सगळ्यांना चहा पाजला. ज्ञानेश्वरीला स्वर्ग दोन बोटं उरला!

आणि मग तिला शिकवायची हुक्की आली. पारावर चढून तिनं भाषण ठोकलं. "मंडळी, बाजारात व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचा भाव पडतो. पण मुदतीपर्यंत धरून ठेवला, तर..."

'तर'च्या पुढचं ऐकायला पारावर कुणी उरलंच नाही! "भाव पडतोय! ज्ञानेश्वरीच म्हनली!" असं ओरडत जो तो आपला रोखा विकायला पळाला. घेणारा एकच निघाला, हायवेवरचा ढाबेवाला छगन. त्यानं सगळे रोखे मातीमोलानं गोळा केले.

"छगनभाऊ, तुमचा तरी इस्वास हाय आमच्यावर!" ज्ञानेश्वरी गहिवरली.

"तर! लई इस्वास हाय," छगन मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "किती किलो भरंल गं हरणी?"

ज्ञानेश्वरीला ढाब्यावरची मटणाची पाटी आठवली.

त्यातच मुक्ताबाईच्या कोंबड्या एकीपाठोपाठ एक खुडूक बसल्या. अंडं द्यायचं नाव नाही. नुसत्या खुराड्यात फुगून बसायच्या आणि हात घातला की टोचायच्या. रविवार उजाडला तो रिकाम्या टोपलीनिशी. दुपारी छगन दोर घेऊन दारात हजर! मागं मजा बघायला अर्धं गाव.

"सूर्य मावळला की शेळी माझी," छगननं कागद नाचवला. "तूच लिवलंय."

मुक्ताबाईनं हरणीच्या गळ्यात मिठी मारली. "आधी मला बांध, मग हिला!"

स्वतःच्या अक्षराचा इतका राग ज्ञानेश्वरीला कधीच आला नव्हता. डोळे पुसत तिनं तो रोखा पुन्हा वाचला. रविवारी अंडी द्यायची, एवढंच त्यावर होतं. कुणाच्या कोंबडीची, ते लिहिलंच नव्हतं!

"काकू, हरणीला सोडू नको! आलेच!"

तिनं स्कूटी पिटाळली. गावातल्या दुकानांत अंडी संपलेली. शेवटी हायवेवर एकच ठिकाण उरलं, छगनचाच ढाबा! गल्ल्यावर त्याची बायको बसली होती.

"वहिनी, अंडी द्या. असतील तेवढी!"

"एवढी? पाव्हनं आल्यात का गं?"

"आल्यात ना. दोर घेऊन बसल्यात!"

मोबाईलवरून पैसे देताना खातं कोरडं झालं. पण उन्हं उतरायच्या आत अंड्यांचे ट्रे छगनच्या पुढ्यात होते.

"घ्या तुमचं व्याज! मोजून घ्या! आन् हरणीला हात लावायचा न्हाई. आजबी न्हाई आन् दिवाळीलाबी न्हाई!"

छगन मोजत असतानाच त्याचा फोन वाजला. बायको ओरडत होती, "आवो, बसभर गिऱ्हाईक उतरलंय! समदे आम्लेट मागत्यात, आन् घरात अंडं न्हाई एक!"

ट्रे छातीशी कवटाळून छगन धूम पळाला. त्याचा दोर मुक्ताबाईनं हरणीसाठी ठेवून घेतला. कोंबड्या ताळ्यावर येईपर्यंत दर रविवारी ज्ञानेश्वरी छगनकडून अंडी विकत घ्यायची आणि छगनलाच द्यायची. पण दिवाळीत मुद्दल चुकतं झालं आणि हरणी सुटली!

हे सगळं तिनं प्रकल्पात लिहिलं. मॅडमचा शेरा आला, 'भाषा ओघवती. उदाहरण मात्र सपशेल काल्पनिक.'

दुसऱ्या दिवशी प्रकल्प काखोटीला मारून ज्ञानेश्वरी नगरच्या एसटीत चढली ती हरणीला घेऊनच!

"हिचं काय काम नगरला?" कंडक्टरनं विचारलं.

"तोंडी परीक्षा हाय!" ज्ञानेश्वरी गुरकावली.

त्यानं हरणीचंही तिकीट फाडलं. गार वारा लागला तसा ज्ञानेश्वरीचा डोळा लागला.

यामिनी मॅडमसमोर पुरावा हजर झाला खरा. प्रकल्प मात्र तोवर त्याच पुराव्याच्या पोटात गेला होता!