पाव फेरा

दुपारच्या सुट्टीची घंटा झाली आणि मास्तर आंघोळीच्या साबणाच्या चार वड्या पिशवीत घालून कारखान्यात शिरले. इथून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी पहारेकऱ्याने त्यांना अडवलं नाही. फक्त पिशवीजवळ नाक नेऊन विचारलं, "मास्तर, हल्ली आंघोळ इकडे करता की काय?"

"मशीनला घालायचीय," मास्तर म्हणाले आणि पुढे गेले. हे बोलणं तासाभरात खरं ठरणार आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

काम तसं एवढंसं होतं. घरच्या शिलाई मशीनमधला अंगठ्याएवढा पितळी दुवा मोडला होता. ते मशीन आता कुणी बनवत नाही, म्हणून दुवाही मिळत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मास्तरांनीच तो कानशीने घासून घडवला होता आणि त्याने चव्वेचाळीस वर्षं निमूट काढली होती.

दुवा मोडला त्याचं मास्तरांना एवढं वाटलं नसतं. पण त्यांच्या बायकोला, म्हणजे साऱ्या गल्लीच्या काकूंना, एक सवय होती. पाय पायडलवर पडला की गळ्यातून देवाचं गाणं निघायचं. मशीनची टकटक हाच त्यांचा ताल. लेकीची झबली, शाळेचे गणवेश, लग्नातल्या शालूवरचं पोलकं, सगळ्याला त्या गाण्यांचीच शिवण होती. मशीन थांबलं तसं गाणंही थांबलं. तीन आठवडे घर इतकं शांत होतं, की मास्तरांना भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं होतं आणि ते त्यांना अजिबात आवडत नव्हतं.

आणि काल काकूंनी शांतपणे सांगितलं होतं, "उद्या संध्याकाळी भंगारवाला येणार आहे. कोपरा तरी मोकळा होईल."

म्हणून आजची दुपार. मालक कधीकाळी मास्तरांच्या हाताखाली शिकलेला. त्याने सुट्टीतला एक तास कापायचं मशीन दिलं. पितळ मास्तरांनी घरून आणलं होतं, जुन्या दुव्याच्या वेळी उरलेला तुकडा, रुमालात बांधलेला. तेवढाच होता. चुकला तर दुसरा नाही.

दुव्याचं चित्र काढलं जावयाने आणि तो कापायचा मशीनचा प्रोग्रॅम बसवणार होती लेक. दोघं एकाच कारखान्यात, काचेच्या एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड. लग्नाला आठ वर्षं झाली आणि आठही वर्षं त्यांचं एकाच गोष्टीवरून वाजत आलेलं. जावयाच्या कॉम्प्युटरला 'वर' म्हणजे पडद्याची वरची कड. लेकीच्या सॉफ्टवेअरला 'वर' म्हणजे जिकडून कापायचं हत्यार खाली उतरतं ती बाजू. त्यामुळे जावयाने काढलेली प्रत्येक वस्तू तिच्याकडे आडवी येऊन पडे. आत घेण्याआधी त्या वस्तूला पाव फेरा देऊन उभं करावं लागे. देवाने माणूस घडवला तेव्हा डोकं कुठल्या बाजूला, हे आधी ठरवून घेतलं असणार. या दोघांनी ते कधी ठरवलंच नाही. लेक रोज पाव फेरा देई आणि रोज एक टोमणाही देई.

"तुझं सगळं झोपलेलंच असतं. काढणाऱ्यासारखं."

आज मात्र सासूबाईंचं काम. जावयाने मनाशी म्हटलं, आज बोलणी नकोत. त्याने दुवा स्वतःच नीट उभा केला आणि मगच फाइल पाठवली. सांगितलं मात्र नाही. उभा केलेला बघून ती आपणहून काही गोड बोलेल, अशी भाबडी आशा.

तिने फाइल आत घेताना नेहमीच्या सवयीने, न बघताच, पाव फेरा दिला.

"बाबा, लावू का पितळ?"

"थांब," मास्तर म्हणाले. "आधी साबण."

"बाबा, आता पडद्यावर सगळं आधी दिसतं."

"पडद्यावर तुझा नवराही हुशार दिसतो. साबण लाव."

मास्तरांची ही जुनी रीत. नवं काम आलं की पहिला तुकडा साबणात. हत्यार तुटत नाही, धातू वाया जात नाही आणि चूक झाली तर तिने हात धुता येतात. कापताना मशीन वरून दुधासारखं पाणी सोडतं. त्याचा नळ मास्तरांनी हाताने बंद ठेवला. साबणाला पाणी लागलं तर काय होतं, हे सांगायला कॉम्प्युटर लागत नाही.

पाच मिनिटांत पहिली वडी बाहेर आली. मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"भोकं खालून पाडलीयेत. हा डोक्यावर उभाय."

लेक गोरीमोरी झाली. "असं कसं होईल? मी तर फेरा दिला होता."

काचेपलीकडे जावयाने मान खाली घातली. आपलीच करामत नडली हे त्याच्या ध्यानात आलं. गुपचूप त्याने आपला फेरा काढून घेतला आणि फाइल पुन्हा पाठवली. इकडे लेकीलाही वाटलं, आज फेरा नको असेल. तिने नव्या फाइलला हातही लावला नाही, तशीच आत घेतली.

दुसरी वडी लावली. हत्यार दुव्याच्या कुशीतच घुसलं.

"आता झोपलाय," मास्तर म्हणाले. मग त्यांनी जावयाला काचेतून खुणेने बोलावलं. "जावईबापू, मोडक्या तुकड्याची मापं नीट घेतली होती ना?"

"घेतली. फक्त जुन्याचा एक कोपरा घासून गेला होता. तो मी सरळ करून काढलाय."

"घासला होता का," मास्तर म्हणाले. रुमालातला पितळी तुकडा त्यांनी उगाचच पुसला.

तोवर दोघंही आपापल्या जागी पश्चात्तापाने पेटले होते. जावयाने म्हटलं, चला, आपण फेरा देऊनच पाठवू. लेकीने म्हटलं, चला, आपण फेरा देऊनच घेऊ. दारात दोन भिडस्त माणसं भेटली की दोघंही एकदम बाजूला होतात आणि दोघंही एकदम पुढे येतात, तसं हे चाललं होतं.

तिसरी वडी लावताना मास्तरांचं मन कुठेतरी चव्वेचाळीस वर्षं मागे होतं. नळ बंद करायचा राहिला.

मशीन फिरू लागलं, पाणी सुटलं आणि मिनिटाला आठ हजार फेऱ्यांनी घुसळलेला साबण जागा झाला. आधी मशीनच्या दारातून थोडा फेस डोकावला. मग तो खाली उतरला, मास्तरांच्या चपलांना भेटला आणि पुढे चालत सुटला. कारखाना नुकत्या न्हालेल्या तान्ह्या बाळासारखा घमघमू लागला. लेकीने धावत जाऊन लाल बटण दाबलं तोवर मालक हातातला डबा सांभाळत दारात उभा.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "दहा मिनिटं उरलीत. मशीन चालवताय की न्हाऊ घालताय?"

लेकीने फेसातून तिसरी वडी काढली. पुन्हा डोक्यावर उभी.

"तू फिरवतोयस का?" तिने धावत आलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"मी... तुला त्रास नको म्हणून."

"आठ वर्षांत आजच सुचलं?"

"आईंचं गाणं होतं ना," जावई म्हणाला.

मास्तरांनी शेवटची वडी काढली, खिशातला चाकू उघडला आणि खुर्चीवर बसून ती कोरू लागले. चष्माही लावला नाही. तीन मिनिटांत दुवा तयार झाला. वरच्या अंगावर त्यांनी चाकूच्या टोकाने कोरलं, 'वर'. मग तो साबण लेकीच्या पडद्याशेजारी ठेवला.

"याच्यासारखं दिसेपर्यंत फिरव. आणि जावईबापू, तुम्ही माझ्याजवळ, हात मागे बांधून उभे राहा."

पितळ लावलं. लेकीने डोळे मिटले, जावयाने देवाचं नाव घेतलं, मास्तरांनी नळ तपासला. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा दुवा मास्तरांच्या तळहातावर होता. गरम, पिवळाधमक आणि बरोबर.

संध्याकाळी सगळे घरी जमले. भंगारवाल्याला काकूंनी दारातच थांबवून पाणी दिलं होतं. मास्तरांनी दुवा बसवला. या खेपेला नीट बघून, सुलटा.

काकूंनी पायडलवर पाय ठेवला. मशीन लोण्यासारखं फिरलं. आवाज म्हणून नाही. त्यांनी गाण्याचा पहिला शब्द काढला आणि त्या थांबल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबल्या.

"काय झालं आई?"

"बसत नाही गं. कशावर म्हणू? हे तर मुकंच झालंय."

भंगारवाल्याने पेला खाली ठेवला. मास्तर कपाळावर हात फिरवत उभे राहिले. घासलेला कोपरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"अहो," काकू म्हणाल्या, "उलटा बसवा की. आधीचा होता तसा."

मास्तर वळले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. फिरताना दांड्याला घासून टकटक करायचा. पण तुम्ही हात पुसत अशा ऐटीत उभे होतात, आणि मी घरात नवी. म्हटलं, असू दे. मग त्या टकटकीवर एक गाणं बसलं. मग दुसरं बसलं."

मास्तर खाली बसले. दोन स्क्रू काढले, दुवा उलटा केला, स्क्रू घट्ट पिळले.

"म्हणजे आम्ही दोघांनी मिळून डोक्यावर उभा केला होता, तेच बरोबर होतं," जावई म्हणाला.

"तू गप्प बस," लेक म्हणाली. पण तिने हे हसून म्हटलं.

टक, टक, टक. तिसऱ्या 'टक'ला काकूंचा आवाज लागला. भंगारवाला हातातली रिकामी गोणी घडी करून उंबऱ्यापाशी टेकला आणि मान डोलावू लागला.

मास्तर तेलकट हात घेऊन मोरीत गेले. घरात साबण एकच उरला होता, 'वर' लिहिलेला. तो त्यांनी उलटा धरला आणि गाणं संपेपर्यंत हात धूत राहिले.