अंगठ्याच्या जागेवर मुलामा चढविल्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. ज्याचे कृपेने उजेड आणि छाया आपापले जागी राहतात, त्या सूर्यनारायणास नमन करून हकीकत लिहितो ती ऐसी जे, शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, नाव शुभ आणि करणी तैसी नव्हे, भाद्रपदमासी तिसरे मजल्यावरील तीन खोल्यांचे राज्यावर राजश्री पद्माकरराव पेन्शन घेऊन सुखरूप होते, आणि त्यांचे कुटुंब कुमुदबाईसाहेब स्वयंपाकघराचा मुलूख सांभाळीत, आणि मातोश्री मथुराबाईसाहेब गॅलरीचे दाराशी खुर्चीत बसत. मातोश्रींची दृष्टी गेली होती आणि स्मरणही दिवसेंदिवस मागे हटत होते. त्यांचे यजमान कैलासवासी आबासाहेब, ज्यांनी हयातभर लग्नामुंजीचे फोटो काढून संसार केला, त्यांचा कॅमेरा मात्र घरी राहिला होता. कॅमेऱ्याचे अंग पितळेचे, वरून क्रोमचा मुलामा. परंतु आबासाहेबांनी वर्षानुवर्षे उजव्या अंगठ्याने एकच जागा धरिली, त्यामुळे तेथील क्रोम झिजून पितळ उघडे पडले आणि पितळासही किंचित खळगा पडला. खंडेनवमीस इतर राज्यांत तलवारी पूजितात, या राज्यात कॅमेरा पूजीत, आणि मातोश्री गंध लावीत ते त्या खळग्यातच. मग दृष्टी गेल्यावर रोज दुपारी कॅमेरा मांडीवर घेऊन त्या जागी अंगठा ठेवीत आणि म्हणत, "आलात? बसा, पान वाढलंय," आणि मग स्वतः चार घास खात. एरवी कोणी भरवू म्हटले तरी तोंड मिटून घेत. हे पद्माकरराव नित्य पाहत होते, परंतु त्यांस वाटे, आई वजनावरून ओळखते.

तशात गौरीजेवणास मावसबंधू शरच्चंद्र आले, मोठे पगाराचे गृहस्थ, त्यांनी कॅमेरा उचलून पाहिला आणि भर पंगतीत बोलिले जे, "आबाकाकांचा ना हा? काय रे ही दशा. मोडीतसुद्धा कोणी घेणार नाही." शब्द वर्मी लागला. पद्माकररावांचा घास हातीचा हाती राहिला, आणि त्यांनी मनी प्रतिज्ञा केली की खंडेनवमीचे आत कॅमेरा नवा करून पाटावर ठेवीन तरच आबांचा मुलगा. कुमुदबाईंनी अर्ज केला की, "अहो, आधी आईंना विचारा." तर म्हणाले, "त्यांना काय दिसतंय? हातात चकचकीत वस्तू दिली म्हणजे बरं वाटेल." येथे बुद्धी फिरली.

मग मोहीम सुरू झाली. घरची रीत अशी की पितळ दिसले की चिंच लावावी, देवाची भांडी पिढ्यानपिढ्या ऐसीच उजळली. म्हणोन राजांनी चिंच आणि मीठ घेऊन कॅमेराही समईसारखा घासला. समईस आत कप्पे नसतात आणि मुलाम्याची किनारही नसते, हे ध्यानी आले नाही. आंबट पाणी क्रोमचे कडेखाली शिरले, आणि चार दिवसांत कडेने हिरवा जंगार फुटून निघाला आणि जुना मुलामा पापुद्र्याने उचलू लागला. करावयास गेले गणपती आणि जाहला मारुती. तेथे थांबते तरी राज्य वाचते. परंतु हरलेला राजा थांबत नाही. त्यांनी फोनवर व्हिडिओ पाहिले, आणि क्रोमचे रसायन जहरी, घरी करू नये, इतके त्यांतून समजून घेऊन निकेल चढविण्याचे ठरविले. मग बारीक पॉलिशपेपर घेऊन जंगार खरवडिला, पापुद्रे काढिले, आणि जागा सपाट असल्याखेरीज मुलामा धरत नाही म्हणोन तो खळगाही घासून घासून सपाट केला. मग निकेलची पट्टी व्हिनेगरात भिजत घातली, स्कूटरची बॅटरी काढून आणिली, आणि तारेस कापसाचा बोळा बांधून गॅलरीत बसले. आठवडाभर घरास आंबूस वास होता, आणि मातोश्री रोज दुपारी रिकामी मांडी चाचपून विचारीत, "अजून आले नाहीत?" तेव्हां कुमुदबाई सांगत, "आज लांबच्या लग्नाला गेलेत, आई," आणि कशाबशा दोन घास घालीत.

खंडेनवमीस कॅमेरा पाटावर मांडिला. काम उत्तम झाले होते, हे लेखक नाकारीत नाही. तोंड पाहावे ऐसी चकाकी. पद्माकररावांनी मातोश्रींचा हात धरून पाटाशी बसविले आणि गंधाची वाटी पुढे केली. मातोश्रींनी बोट बुडविले, डावे हाताने कॅमेरा चाचपिला, पुन्हा चाचपिला, उलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "हा कुणाचा रे?"

"आबांचा, आई. नवा करून घेतलाय."

"त्यांचा नाही हा. विकलास का?"

पद्माकररावांनी देवाची शपथ घेतली, आबांची घेतली. मातोश्री बोलिल्या, "विकलास तर विकलास. नड असेल. पण सणासुदीला खोटं बोलू नको." आणि गंधाचे बोट पदरास पुसले.

त्या दिवसापासून त्यांनी अन्न टाकिले. डॉक्टर आले, सलाइन लागले, कॅमेरा मांडीवर देऊन पाहिला तो बाजूस सारीत आणि म्हणत, "ज्याचा त्याला देऊन ये." कार्तिकात देह ठेविला. मुलाने आबांचा कॅमेरा विकला हेच मनी धरून गेल्या, आणि ते खोटे आहे हे त्यांस समजाविण्याची जागा मुलाने स्वतःचे हाताने सपाट केली होती. पद्माकरराव फार रडले.

पुढे शरच्चंद्र दिवसकार्यास आले, त्यांनी कॅमेरा पाहून तारीफ केली. आता दरसाल खंडेनवमीस कुमुदबाई गंधाची वाटी घेऊन पाटाशी बसतात आणि विचारितात, "कुठे लावू?" पद्माकरराव रोज दुपारी मातोश्रींचे खुर्चीत बसून अंदाजाने एक जागा अंगठ्याने घाशीत असतात.

तात्पर्य, इतकेच वर्तमान आहे, पदरचे काही घातले नाही. राज्य आहे तेथेच आहे. मुलामा पक्का बसला आहे.