पोटात तूप, तोंडाला कुलूप

शरीर आतून धुऊन काढायचं असं मी ठरवलं, आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं! अर्धं आयुष्य विमा कंपनीच्या दावे विभागात बसून पोटाचं गोदाम झालं होतं. त्यात हेडक्लार्कची जागा यंदा मलाच मिळणार होती. म्हटलं, नव्या खुर्चीत नवं पोट घेऊन बसू!

"विरेचनाआधी शरीर तयार करावं लागतं," वैद्यबाई म्हणाल्या. "सकाळी उपाशीपोटी औषधी तूप. मात्रा रोज वाढेल. प्यायला गरम पाणीच. पंखा नको, फार बोलणं नको आणि राग तर अजिबात नको!"

"अहो, रजा घ्या," बायको म्हणाली.

"तूप प्यायला रजा? हसतील लोक!"

ते तूप म्हणजे वितळलेली मेणबत्तीच, वर कडू! दोन-तीन दिवसांत माझा चेहरा तूप लावलेल्या तव्यासारखा चकाकू लागला. ऑफिसात मी पंखा बंद करून, गरम पाण्याचे घोट घेत गप्प बसायचो. एका दुपारी बायकोचा फोन आला. मी भिंतीकडे तोंड करून कुजबुजलो, "हो गं, आता थोडेच दिवस राहिलेत. एकदाचं सगळं बाहेर पडलं की सुटलो!"

मागे टायपिस्टबाईंचा कप बशीवर खणकन वाजला.

दुसऱ्या दिवशी बाई डोळ्यांना पदर लावून आल्या. "घरी कल्पना आहे ना?"

"आहे की! बायकोच पाजते सकाळी."

बाईंना हुंदकाच फुटला.

मग माझ्या हाताखालचा चष्मेवाला आला. "तुमची खिडकीजवळची जागा... म्हणजे आत्ता नाही हो, नंतर... मला मिळेल?"

मला वाटलं, माझ्या बढतीनंतरचं बोलतोय. "घे की!"

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "काय मन आहे हो तुमचं!"

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "आम्हाला सगळं कळलंय. आता तुम्हाला जबाबदारीचा ताण नको. हेडक्लार्कची ऑर्डर चष्मेवाल्याच्या नावानं काढलीय."

"साहेब, मी फक्त तूप पितोय!"

"प्या, प्या. शेवटी माणसानं सगळं करून बघावं."

"अहो, जुलाबाचं औषध घ्यायचंय! त्याची तयारी आहे ही!"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही?"

"नाही!"

"मग असं तोंड करून का बसता? ऑर्डर गेली वर. आता काही होणार नाही."

राग घशाशी आला. त्याच्या मागोमाग तूपही आलं. दोन्ही गिळली.

बाहेर आलो तोवर मी ठणठणीत असल्याची बातमी पसरली होती. इतकी वर्षं एकत्र चहा प्यायलेली माणसं! पण एकाच्याही तोंडून "बरं झालं" निघेना.

"माझ्या घशाखाली घास उतरला नाही तुमच्यापायी!" टायपिस्टबाई फणकारल्या.

"मी तर शोकसभेचं भाषण पाठ केलं होतं," कॅशियर म्हणाला.

चष्मेवाला माझ्या खिडकीजवळ जाऊन बसलाही होता. तो अर्धवट उठला. "उठू का मी?" त्यानं अशा सुरात विचारलं, की जणू मीच त्याच्या तोंडचा घास काढतोय!

"बस बाबा," मी म्हणालो.

आणि मग, हसू नका, जिवंत असल्याबद्दल मी सगळ्यांची हात जोडून माफी मागितली! बाकीच्यांनी केलं माफ. टायपिस्टबाई मात्र अजून बोलत नाहीत.